कार्ल्सरूहेच्या बंकरमधली हजेरी

जर्मनीला जाऊन आलेली माणसं किल्ले सांगतात, बोट सांगतात, बर्फ सांगतात. मला त्यातलं काही विचारू नका. राजवाडा मी बाहेरून पाहिला तेव्हा धुक्यानं त्याचा अर्धा मनोरा खाल्ला होता, बोटीत बसले नाही, आणि बर्फ पडायच्या आत घरी परतले. मी तिथं पाहिलं कमी, ऐकलं जास्त. ते भिशीत सांगायला घेतलं तर बायका म्हणाल्या, "तिन्हीसांजेचं नको गं बाई असलं काही." म्हणून लिहून काढते. तुम्ही दुपारी वाचा.

माझी मुलगी मृणाल आणि जावई अमोघराव कार्ल्सरूहेला असतात. दोघंही कॉम्प्युटरवाले. "आई, नोव्हेंबरात येऊ नकोस, उजेडच नसतो," असं मृणालनं बजावलं, तेव्हा मी नोव्हेंबरचंच तिकीट काढायला लावलं. उजेडाचं काय, तो आमच्याकडे बारा महिने डोळ्यांत जातो.

हे शहर हातपंख्यासारखं आखलंय. मुठीत राजवाडा, आणि काड्यांसारखे रस्ते तिथून फुटलेले. नकाशात छान दिसतं. पण धुक्यात एकटं फिरताना कुठल्याही काडीवरून मागं वळून बघावं, तर टोकाला तोच मनोरा. आपण चालतोय आणि तो उभा आहे, हे पक्कं ठाऊक असूनही मला तो मागं मागं येतोय असंच वाटत राहिलं.

आणि शांतता! मी इचलकरंजीची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले, त्याच्या वर आवाज चढवून शाळेत पोरांना पाढे शिकवले. आमच्याकडे शांतता झाली की माणसं दारात येऊन विचारतात, "तुमच्याकडं पण गेली का?" म्हणजे वीज. शांतता म्हणजे काहीतरी बंद पडलंय. इथं सगळंच बंद पडल्यासारखं, आणि दारात येऊन विचारणारं कुणी नाही. रविवारी तर भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. मी नातीला मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. घरात तेवढीच काय ती वर्दळ.

कपडे धुण्याची खोली

इमारतीच्या तळघरात सगळ्या बिऱ्हाडांची मिळून कपडे धुण्याची खोली असते, तिला वाशक्यूशं म्हणतात. मृणाल कामावर गेल्यावर मी परडी घेऊन खाली निघाले. जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागतो आणि आपला आपण विझतो, मग माणूस खाली पोचो न पोचो. मी मधल्या पायरीवर असतानाच तो विझला.

आणि खालून बाईचा आवाज आला. "ई नो डे."

थांबला. काहीच नाही. मग पुन्हा, "ई नो डे."

मी काळोखात परडी पोटाशी धरून उभी. आवाज गोड होता, सुरात होता, पण तो उत्तर देत होता. प्रश्न कुणीच विचारत नव्हतं. आणि मधली जागा रिकामी वाटत नव्हती. कुणीतरी नीट दम घेऊन एक ओळ म्हणतंय आणि थांबतंय, इतकी ती मापात होती. मी तरुणपणी झीलकरी होते. शाहिराची ओळ किती लांब असते ते मला कानानं नाही, पाठीच्या कण्यानं कळतं. त्या गप्प जागेत ओळ होती. मला तेवढी ती ऐकू येत नव्हती.

झीलकरी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. पोवाड्यात शाहीर पुढं गातो आणि मागची माणसं "जी जी रं जी" करत त्याची ओळ उचलून धरतात, ते झीलकरी. विशीत मी कामगारांच्या कलापथकात झील धरायचे. रॉकेलच्या रांगेवर आमचं एक गाणं होतं. दोन वेण्या, कमरेला खोचलेला पदर, आणि डोळ्यांत असा काही अंगार की फोटोत मी चक्क तिरळी दिसते. शुक्रवारी आपण गायलो की सोमवारी सरकार पडणार, याची त्या पोरीला खात्री असायची. एकदा पडलंही, पण सरकार नव्हे, आमचं टेबलांचं स्टेज. पडता पडताही तिनं "जी जी" सोडलं नाही, आणि पुढं महिनाभर भेटेल त्याला ते सांगत हिंडली. येडी कुठली.

मी चाचपडत बटण शोधलं, दिवा लावला आणि उतरले. डोक्याला पिवळा फडका बांधलेली, तिशीतली एक उंच बाई चादरीच्या घड्या घालत होती. मला बघून तीच दचकली. "सॉरी, मामा!"

मामा! या वयात मिशा फुटल्यागत झालं. त्यांच्याकडे आईच्या वयाच्या बाईला तसं म्हणतात, हे मागाहून कळलं. तिचं नाव फोलाके. नायजेरियाची. इथल्या विद्यापीठात काँक्रीटला तडे का जातात यावर संशोधन करते आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहते. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, तिचं सरळ, माझं ठेचा खात. इथं मराठीतच लिहिते.

"आत्ता उत्तरं कुणाला देत होतीस?" मी विचारलंच.

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "भावाला," म्हणाली.

"कुठं असतो तो?"

"तेच माहीत नाही, मामा."

तांबडा भात

शनिवारी तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. जोलोफ म्हणून त्यांचा टोमॅटो-मिरचीत शिजवलेला तांबडा भात असतो. तो तळाला मुद्दाम लागू देतात. ती करपट चव नसेल तर पाहुणे नावं ठेवतात. आमच्याकडे भात लागला तर सुनेला नावं ठेवतात. मी खरपूड मागून घेतली. तिखट असं की अमोघराव "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत नाक पुसत होते. बरोबर, अगदी बरोबर, असं जर्मनमध्ये म्हणत होते. कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

भावाचं नाव बाबातुंडे, हाक तुंडे. अर्थ, बाप परत आला. आजोबा गेल्यावर जन्मलेल्या पोराला हे नाव देतात. मी म्हटलं, आमच्यातही आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण मग सासऱ्याचं नाव घेऊन पोराला धपाटा कसा घालायचा, म्हणून सुना त्याला बंड्या म्हणतात. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

तुंडे गाणी करायचा. त्यांच्या देशात गाण्यातून राज्यकर्त्यांना बोल लावायची जुनी रीत आहे. आपल्यासारखं डफ घेऊन डोळे वटारायचे नाहीत. नाचाचा ठेका, पितळी वाद्यं, लोक घामाघूम होऊन नाचताहेत, आणि नाचता नाचता गाणं त्यांना त्यांचंच दुखणं सांगतं. जमिनीखाली तेल आहे आणि पेट्रोलला रांग आहे. तारा आहेत, वीज नाही. पुढाऱ्याला पडसं झालं तरी तो औषधाला परदेशी जातो. भाषा साहेबाची नाही, बाजारातली मोडकी इंग्रजी. तिला पिजिन म्हणतात, आणि ती हमालापासून प्रोफेसरापर्यंत सगळ्यांना कळते.

"माझी पण तीच," मी म्हटलं.

"तुमची त्याहून अवघड आहे, मामा," फोलाके म्हणाली.

तुंडेचं गाजलेलं गाणं शाळेच्या हजेरीचं. तो मास्तर होऊन पुकारायचा, "लाइट?" मागच्या बायका म्हणायच्या, "ई नो डे!" म्हणजे हजर नाही. "नळाला पाणी?" "ई नो डे!" "दवाखान्यात डॉक्टर?" "ई नो डे!" "नाक्यावरचा पोलीस?" "ई डे! ई डे! ई डे!" इथं लोक पोट धरून हसायचे. आणि मग तो स्वतःचं नाव पुकारायचा, "तुंडे?" अख्खं मैदान ओरडायचं, "ई डे!" हजर. एवढं बोलूनही पळून न गेलेला.

"मी मागच्या बायकांत असायचे," फोलाके म्हणाली. "इकडं यायच्या आधी."

मग एका कार्यक्रमानंतर तो घरी आला नाही. एक गाडी आली होती, असं बघणारे सांगतात. गाडीतली माणसं गणवेशात होती की नव्हती, यावर बघणाऱ्यांचं एकमत नाही. त्याला आता वर्षं झाली. देह नाही, पत्ता नाही. गावी आई आहे. तिनं कसलंही उत्तरकार्य करू दिलेलं नाही, आणि एकच सांगून ठेवलंय: तुंडेची ओळ दुसऱ्या कुणी गायची नाही. ओळ मोकळी आहे तोवर तो येऊन ती घेऊ शकतो. दुसऱ्यानं घेतली, तर आपणच त्याला मेलेला ठरवला.

इथं फोलाकेचा बँड आहे. ते हे गाणं तसंच म्हणत आलेत. पुढं मोकळा माइक, आणि मागच्या बायका न विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देतात. मागच्या खेपेला एक जर्मन गृहस्थ माइक बिघडलाय समजून दुरुस्त करायला थेट स्टेजवर चढले. मी हसले आणि मग मलाच कसंतरी झालं.

"येत्या शनिवारी मोठा कार्यक्रम आहे," फोलाके म्हणाली. "बँड म्हणतो, काहीतरी कर, नाहीतर हे गाणं सोड. मी त्याची ओळ गायले, तर आईचा मुलगा मी मारला. गाणं सोडलं, तर तो होता हेसुद्धा कुणाला कळणार नाही."

अमोघराव नाक पुसून म्हणाले, "आल्झो... म्हणजे असं की, एखादं जुनं रेकॉर्डिंग असेल तर त्यातून फक्त त्याचा आवाज वेगळा काढता येतो. बाकी सगळं पुसायचं. त्याची ओळ तोच गाईल."

मृणालनं त्यांना टेबलाखालून लाथ मारली. ती मला लागली.

बंकर

फोलाकेनं तिच्याकडचं जुनं रेकॉर्डिंग दिलं, अमोघराव रात्रभर बसले आणि त्यांनी आवाज काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सरावाला निघालो. तो इथला मृतांचा रविवार, आपल्या सर्वपित्रीसारखा. सार्वजनिक नाचाला त्या दिवशी मनाई असते. ट्राममधून कब्रस्तानाचं फाटक दिसलं. आत धुक्यात लाल काचेचे दिवे ठेवलेले होते, जमिनीलगत, आणि माणूस एकही नव्हता.

इथले बँड सराव कुठं करतात ठाऊक आहे? युद्धातल्या बंकरमध्ये. बॉम्ब पडायचे तेव्हा माणसं जिथं दडून बसायची, तिथं आता ढोल वाजतात, कारण भिंती इतक्या जाड की बाहेर काही जात नाही. लोखंडी दार, खिडकी नाही, फोनला रेंज नाही. भिंतीवर या खोलीत किती जणांनी बसायचं त्याचा आकडा रंगवलेला अजून दिसतो. भिंतीला हात लावला तर ओलसर लागली. इतकी माणसं इथं श्वास धरून बसली, तो श्वास कुठं गेला असेल, असं मनात आलं आणि मी हात पदराला पुसला.

श्टेफान म्हणून दाढीवाला ढोलकरी होता. त्यानं मला खुर्ची दिली आणि कानात घालायला बोळे दिले. यंत्रमागाच्या गावच्या बाईला! मी ते पिशवीत टाकले.

"आई," अमोघराव लॅपटॉप उघडत हळूच म्हणाले, "आवाज निघालाय, पण मागच्या लोकांची थोडी सावली राहते. घाबरू नका."

आधी श्वास आला. एका माणसानं आपल्या कानाजवळ श्वास घ्यावा तसा. मग, "लाइट?"

फोलाके आणि बँडमधल्या दोघी जणी म्हणाल्या, "ई नो डे."

"नळाला पाणी?"

"ई नो डे."

त्याच्या आवाजामागं पुसलेलं मैदान होतं. ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीवर अक्षर राहतं, तसं. हजारो माणसं जणू पाण्याखालून ओरडत होती. तो उघड्यावर होता, त्याच्या गावच्या गरम हवेत, आणि आम्ही जिवंत माणसं या बिनखिडकीच्या खोलीत. कोण कुणाला ऐकतंय ते कळेना. पोलिसाची ओळ आली, कुणी हसलं नाही. मग तो आवाज म्हणाला,

"तुंडे?"

फोलाकेचं तोंड उघडं राहिलं. शब्द नाही. बाकीच्या दोघी तिच्याकडं बघत राहिल्या. श्टेफानच्या काठ्या हवेत. तिथं एक पोकळी पडली, आणि ती पोकळी थांबून वाट बघायला लागली.

आता झीलकऱ्यांचा एकच धर्म असतो. शाहीर ठसकू दे, विसरू दे, कोसळू दे, त्याची ओळ खाली पडू द्यायची नाही. मला विचार करायला वेळच मिळाला नाही. माझ्या या म्हाताऱ्या छातीतून ती तिरळी पोरगी ओरडली, "ई डे!"

भिंतींनी ते मला परत दिलं. आणि स्पीकरमधून तो हसला.

मोकळं, ओळखीचं हसू. मागच्या रांगेत अवेळी ओरडणारी म्हातारी त्याला दिसली असावी, तसं. हसू ओसरलं, आणि त्यानं प्रेमानं हाक मारली,

"फोलाके?"

अमोघरावांनी घाईनं यंत्र बंद केलं. "रेकॉर्डिंगमध्येच आहे ते," ते चाचरत म्हणाले. "स्वतःच्या नावानंतर तो हसतो आणि मागच्या एकेकीचं नाव घेतो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

फोलाके भिंतीला टेकून खाली बसली होती. "दर वेळी करायचा तो," ती म्हणाली. "त्याचं नाव आलं की मी बंद करते. पुढचं मी इतकी वर्षं ऐकलंच नव्हतं."

अमोघरावांनी लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर धुकं इतकं की रूळ चार पावलांवर संपत होते. मी तिच्याजवळ गेले. "रागावलीस? माझी जीभ फार आगाऊ आहे."

"तुमच्यावर नाही, मामा. पण ते यंत्र नको. तो तिथं नाही, आणि मला नाव घेऊन विचारतो. मी काय उत्तर देऊ?"

थंडीनं माझे दात वाजत होते आणि मला माझ्या आगाऊपणावर पांघरूण घालायचं होतं, म्हणून जे तोंडाला आलं ते बोलले. "हे बघ, मी जन्मभर वर्गात हजेरी घेतली. गैरहजर पोराचं नाव रोज घ्यावंच लागतं. नाव घ्यायचं बंद होतं ते पटावरून कमी केल्यावर. तुम्ही त्याची जागा राखलीत, चांगलं केलंत. पण इतकी वर्षं त्याचं नाव पुकारलं कुणी?"

ट्राम आली. ती काचेला कपाळ लावून बसली आणि उतरायच्या आधी एवढंच म्हणाली, "आईला हे कोण सांगणार?"

माझ्या आईला मी कलापथकात जाते हेसुद्धा शेजारणीनं सांगितलं होतं.

शनिवार

कार्यक्रम संध्याकाळी लवकर सुरू झाला. नायजेरियाची मंडळी नटूनथटून आली होती, बायकांच्या डोक्यावर आमच्या पेशव्यांना लाजवतील असे फेटे. जर्मनही बरेच होते. आम्ही पहिल्या रांगेत. फोलाकेनं व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. "आई बघतेय. मी तिला काही सांगितलेलं नाही. धरून ठेवा."

पडद्यावर एक म्हातारी, खोलीत पंखा फिरतोय. मी नमस्कार केला, तिनं हात हलवला. एकमेकींची भाषा येत नव्हती. पोरींची काळजी करणं तेवढं दोघींना येत होतं.

वाद्यं सुरू झाली. आणि फोलाके मागच्या रांगेतून निघून मोकळ्या माइकपाशी येऊन उभी राहिली. पडद्यावरचा चेहरा पुढं झुकला. म्हातारीचे ओठ हलले, पण वाद्यांच्या आवाजात ती काय म्हणाली ते मला कळलं नाही.

"लाइट?" फोलाकेनं पुकारलं.

"ई नो डे!" सभागृह ओरडलं, आणि माझ्या हातातला पडदा काळा झाला.

मला वाटलं, तिनं रागानं फोन बंद केला. पण कॉल चालू होता. गावची वीज गेली होती. काळोखातून तिचा श्वास येत होता, आणि लांब कुठंतरी एकामागून एक जनरेटर सुरू होताना ऐकू येत होते. इकडे लोक नाचत होते. पाणी, डॉक्टर, पोलीस, हशा उसळला. मी तळहातावर तो काळा चौकोन घेऊन बसले होते आणि तो श्वास घेत होता.

ढोल थांबला.

"तुंडे?"

फोलाकेनं ते गायलं नाही, विचारलं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी माना खाली घातल्या. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. ओळ खाली पडत होती, पडतच होती, आणि मी तिला हात लावणार नव्हते.

मग माझ्या तळहातातून, त्या काळोखातून, म्हातारा, कोरडा आवाज आला.

"ई नो डे."

मी फोन वर धरला. ती पुन्हा म्हणाली, सुरात नाही, दारात कुणी विचारायला आल्यावर सांगावं तसं. "तुंडे, ई नो डे." पहिल्या रांगेतल्या बायकांनी ते उचललं, मग मागच्यांनी. कुणी नाचत नव्हतं.

फोलाकेचा हात माइकवर घट्ट होता. यापुढं मूळ गाण्यात तुंडेचं हसू यायचं आणि मागच्या एकेकीची नावं यायची. तिनं ती घेतली नाही. गाण्यात कधीच नव्हतं असं एक नाव नसलेलं नाव तिनं पुकारलं.

"ज्यानं तुंडेला नेलं, तो?"

याचं उत्तर कुणाला शिकवलेलं नव्हतं. पहिला आवाज आईचाच आला. "ई डे." मग सभागृहाचा. श्टेफाननं ठेका धरला नाही, काठ्या मांडीवर ठेवून तो बसून राहिला. त्यामुळे ते दोन शब्द कुणाच्याही तालाशिवाय, ज्याच्या त्याच्या दमानं, पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि फोलाके माइक लोकांकडे धरून ऐकत उभी राहिली.